धुराचा दाखला आणि ब्रेकची हयगय

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्याच्या वनप्रदेशात वसलेल्या बोदलकसा या गावाची ख्याती तेथील विस्तीर्ण तलावामुळे आहे. १९१७ साली पूर्ण झालेल्या मातीच्या धरणाने हा तलाव अडविला, आणि योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत माल्कम लॉकहीड या यंत्रज्ञाला द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या मोटारीच्या ब्रेकचे पेटंट मिळाले. दोन्ही रचनांत द्रव पदार्थ कोंडून धरावयाचा, त्याच्या दाबाचा बंदोबस्त करावयाचा आणि हवा तेव्हा, हव्या त्या प्रमाणात तो कामाला लावावयाचा असतो. धरणांच्या बाबतीत या बंदोबस्ताची जबाबदारी सरकारने ओळखलेली आहे. पावसाळ्यापूर्वी एक आणि पावसाळ्यानंतर एक अशी पाहणी करण्याचा पाटबंधारे खात्याचा शिरस्ता जुना असून, २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांपुरते त्याला वैधानिक स्वरूपही दिले. परंतु त्याच तलावाच्या परिसरातून तिरोड्याच्या बाजाराला जाणारी, मागे बायको आणि पुढे टाकीवर मूल घेऊन धावणारी जी मोटारसायकल, तिच्या ब्रेकची पाहणी ती दुकानातून बाहेर पडल्या दिवसापासून पुढे पंधरा वर्षे कोणत्याही कचेरीत होत नाही. ही स्थिती मला अत्यंत गैर वाटते, आणि ती बदलावी एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कायदा या विषयावर अगदी मुका आहे असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९६ वा नियम ब्रेकसंबंधी आहे. मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम सदोष वाहन रस्त्यावर आणणाऱ्याला शिक्षा सांगते. आणि १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारसायकलीला, ती १२५ सीसीहून मोठी असल्यास एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी योजना, आणि १२५ सीसीपर्यंतची असल्यास निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची योजना, सक्तीची झालेली आहे. या सक्तीचे मी मनापासून स्वागत करतो. तथापि ही सगळी दक्षता विक्रीच्या क्षणापाशी संपते. त्यानंतर खासगी दुचाकीच्या मालकाला नियमाने जे मुदतीत सादर करावे लागते, ते धुराच्या तपासणीचे प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद. धूर वाईट आहे, त्याची तपासणी झालीच पाहिजे. पण जे यंत्र धावते त्याच्या उच्छ्वासाची चौकशी करावी आणि ते थांबेल की नाही याची चौकशी करू नये, या न्यायाचे समर्थन कसे करता येईल ते मला समजत नाही.

एके काळी ही हयगय काही अंशी खपून जात असे, कारण ब्रेकचे दुखणे उघड दिसत होते. सळईने वा तारेने ओढला जाणारा ड्रमचा ब्रेक झिजू लागला की पायाचा पेडल अधिक खाली जाऊ लागे, लाइनर कुरकुरू लागे, आणि शेतावरून परतलेला मालक स्वतःच मागच्या चाकापाशी बसून पान्याने नट दोन फेरे आवळीत असे. डिस्क ब्रेकने ही उघड भाषा बदलली. १९६९ साली होंडाने आपल्या सीबी ७५० या मोटारसायकलीला पुढच्या चाकाचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवून तो मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला, आणि गेल्या पंचवीस वर्षांत तो आपल्या खेड्यापाड्यांतील साध्या गाड्यांवरही आला. त्याचे बळ ड्रमपेक्षा अधिक, त्याची उष्णता मोकळ्या हवेत लवकर विरते, आणि त्याचा लिव्हर पॅड झिजले तरी जवळजवळ पूर्वीच्याच जागी लागतो. हा शेवटचा गुणच त्याचा धोकाही आहे. पॅड झिजत जातात तसतसा, त्यांना डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकून अंतर भरून काढतो, त्याच्यामागे ऑइल खाली उतरते, आणि मालकाच्या हाताला या सर्व व्यवहाराची वार्ताही लागत नाही. वार्ता असते ती केवळ हँडलवरच्या लहानशा डबीत, जिच्या काचेतून ऑइलची पातळी खाली गेलेली दिसते. ती पाहून एखादा घाईचा मिस्त्री पॅड न बघता डबी वरपर्यंत भरून देतो; म्हणजे दुखण्याची एकुलती एक खूण पुसून टाकतो. पुढे नवे पॅड बसविताना पिस्टन मागे ढकलावा लागतो, तेव्हा तेच जास्तीचे ऑइल डबीतून उसळून टाकीवर सांडते आणि रंग खाऊन टाकते.

या ब्रेकचे तत्त्व सतराव्या शतकातील फ्रेंच पंडित ब्लेझ पास्कल याने सांगितलेले: बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. हाताच्या लिव्हरने मास्टर सिलेंडरमधील लहान पिस्टन ढकलला की तो दाब नळीतून कॅलिपरमधील मोठ्या पिस्टनवर जातो, आणि क्षेत्रफळ जितक्या पटीने मोठे तितक्या पटीने बळ वाढते. या सगळ्या हिशेबाचा आधार एकच आहे, तो म्हणजे द्रव दाबाने आकुंचन पावत नाही. हवा आकुंचन पावते. म्हणून नळीत हवेचा लहानसा बुडबुडा शिरला की बोटांचे बळ त्या बुडबुड्याला चेपण्यातच खर्च होते आणि लिव्हर मऊ लागतो, किंवा मिस्त्री म्हणतात त्याप्रमाणे ‘लिव्हर बसतो’.

ज्याला हाताने लिव्हर ओळखता येतो, त्याला रोगाचे निम्मे निदान गाडी न खोलता करता येते, आणि हे ज्ञान गुपित राहण्याचे काही कारण नाही. लिव्हर मऊ आहे, पण दोनतीनदा भराभर दाबल्यावर कडक होतो, तर बहुधा आत हवा आहे. लिव्हर प्रथम कडक लागतो, परंतु सारखा दाबून धरल्यास हळूहळू हँडलकडे सरकत जातो, आणि बाहेर कोठेही ऑइलचा थेंब नाही, तर मास्टर सिलेंडरमधील रबराचा कप झिजलेला असून ऑइल त्याच्या कडेने मागे परतत आहे. येथे कितीही वेळा हवा काढली तरी उपयोग नाही, रबर किटच बदलावे लागते. लिव्हर दगडासारखा कडक आहे आणि तरीही गाडी थांबत नाही, तर पॅडवर ऑइल किंवा ग्रीस लागले आहे, ते तापून चकचकीत झाले आहेत, अथवा पिस्टन गंजून जाम झाला आहे. आणि लिव्हर सोडल्यावरही चाक मोकळे फिरत नसेल, ब्रेक ‘धरून बसत’ असेल, तर कॅलिपरचा हवा काढण्याचा निपल किंचित ढिला करावा: चाक लगेच सुटले तर दाब नळीत किंवा वरच्या सिलेंडरमध्ये अडकलेला होता, बहुधा ऑइल परत जाण्याचे सुईच्या टोकाएवढे छिद्र गाळाने बुजले आहे, नाही सुटले, तर दोष कॅलिपरच्या पिस्टनमध्ये आहे. एवढी साधी विचारपद्धती न वापरता कित्येक ठिकाणी प्रथम पॅड, मग नळी, मग अख्खा कॅलिपर असे भाग अंदाजाने बदलले जातात, आणि त्याचा भुर्दंड धानाच्या हंगामावर वर्षाचा संसार चालविणाऱ्या गिऱ्हाइकाला बसतो.

याहून कपटी दोष ऑइलच्या पोटात असतो. आपल्याकडे प्रचलित असलेले डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींचे ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचे असून ते हवेतील आर्द्रता शोषून घेते. डबीच्या झाकणातून, रबराच्या नळीच्या भिंतीतून, पाणी त्यात अगदी मंदपणे पण सतत शिरत राहते. डॉट ४ च्या प्रमाणानुसार ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली आलेला चालतो. आता एखाद्या लांब उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला, किंवा ब्रेक धरून बसल्यामुळे डिस्क तापत राहिली, की कॅलिपरमधील ऑइलला उकळी फुटते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि ऐन गरजेच्या क्षणी लिव्हर विनाविरोध हँडलला जाऊन टेकतो. यातली भयंकर गोष्ट अशी की, अर्ध्या तासाने सर्व थंड झाल्यावर वाफ पुन्हा द्रवात विरते, लिव्हर पूर्ववत लागतो, आणि अपघातानंतर गाडी पाहणाऱ्याला ब्रेक ठाकठीक आढळतो. चालकाचे म्हणणे मग कोणी खरे मानीत नाही. याच कारणास्तव बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याची सूचना छापलेली असते, आणि मला भेटलेल्या मालकांपैकी बहुतेकांनी गाडी घेतल्यापासून ते एकदाही बदललेले नव्हते.

तिरोड्याच्या परिसराचे, म्हणजे झाडीपट्टीचे, हवामान या दोषाला विशेष अनुकूल आहे. तलाव आणि धानाच्या बांध्या यांनी व्यापलेल्या या मुलखात आषाढापासून भाद्रपदापर्यंत हवा पाण्याने जड असते. रोवणीच्या दिवसांत मोटारसायकल केवळ रस्त्यावर चालत नाही. ती पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या घेऊन बांधापर्यंत जाते, चिखलात चाकाच्या आसापर्यंत रुतते, आणि संध्याकाळी नाल्याच्या पाण्याने धुऊन अंगणात उभी राहते. हा चिखल कॅलिपरच्या पिस्टनभोवती वाळून बसतो. पिस्टन बाहेर येताना मोकळा येतो, पण मागे जाताना या वाळलेल्या चिखलाची करकरीत किनार रबराच्या सीलवर घासते, आणि एक हंगाम उलटला की गंज धरतो. त्याच रस्त्यांवर रात्री रानडुकरांचे कळप आणि चितळे आडवी जातात. नागझिरा हे १९७० पासून अभयारण्य आहे, २०१३ साली नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला, आणि या अरण्याच्या कडेने राहणाऱ्या माणसाला अवचित ब्रेक दाबण्याचा प्रसंग शहरातल्या माणसापेक्षा कमी येत नाही. फरक इतकाच की अरण्याच्या कडेला मदतीला जवळपास कोणी नसते. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी रस्त्यांवर वेगमर्यादेचे फलक लावले जातात, ते योग्यच आहे. परंतु फलक वाचून वेग कमी करण्याची इच्छा झालेल्या माणसाच्या हाती तो कमी करण्याचे साधन शाबूत असले पाहिजे.

या विषयाचा एक दूरचा परंतु उद्बोधक दाखला बर्फाळ देशांतून देता येतो. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील टिंबरस्लेडसारख्या कारखान्यांनी, ज्यांना डर्ट बाइक म्हणतात त्या चिखलमातीच्या मोटारसायकलींना पुढच्या चाकाच्या जागी एक स्की आणि मागच्या चाकाच्या जागी रबरी पट्टा बसवून त्या बर्फावर चालविण्याची साधने तयार केली. अशा रूपांतरित गाडीला पुढचे चाकच नसल्यामुळे पुढचा ब्रेक निकामी होतो, आणि सारा भार पट्ट्याच्या फिरत्या दांड्यावर बसविलेल्या एकाच डिस्कवर येतो. गाडीचा मूळ पायाचा मास्टर सिलेंडर कायम ठेवून त्याला नवी लांब नळी व नवा कॅलिपर जोडणे हा तेथील सामान्य प्रकार. आणि हिवाळा आला की जोडावयाचे, उन्हाळा आला की काढावयाचे, अशा क्रमाने तो बंदिस्त मार्ग दर वर्षी दोनदा उघडतो. दर वेळी हवा शिरते. त्यातून नळी मध्येच कमानीसारखी वर चढून खाली उतरत असेल तर बुडबुडा त्या कमानीच्या माथ्यावर ठाण मांडतो, आणि निपल खालच्या बाजूस आला असेल तर कितीही पंप केले तरी तो बाहेर पडत नाही. मग कॅलिपर सोडवून, निपल सर्वांत वर येईल असा हातात धरून, पॅडच्या मध्ये लाकडाची चीप घालून हवा काढावी लागते. बर्फाचा चुरा कॅलिपरवर वितळतो आणि गाडी उभी राहताच पुन्हा गोठतो; ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्याने कडाक्याच्या थंडीत ऑइल दाट होते आणि लिव्हर सुस्तपणे परततो. तेथील शौकीन हे सर्व जाणतात, कारण त्यांच्यापाशी दुसरा ब्रेक नाही.

आमच्याकडील तरुणांचाही बर्फाशी संबंध आता येऊ लागला आहे. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आणि हिरोची एक्सपल्स २०१९ साली बाजारात आल्यापासून कच्च्या वाटांवर चालणाऱ्या मोटारसायकली सामान्य नोकरदाराच्याही आवाक्यात आल्या, आणि नागपूर, पुणे, नाशिक येथून रोहतांगसारखे घाट ओलांडून लडाखला आणि तेथून खारदुंग लापर्यंत जाणाऱ्यांची रीघ दर उन्हाळ्यात लागते. ते गरम कपडे घेतात, पेट्रोलचे डबे घेतात, प्राणवायूचीही तजवीज करतात. परंतु मागील दोनतीन पावसाळ्यांचे पाणी पिऊन तपकिरी झालेले ब्रेक ऑइल तसेच घेऊन ते सतरा हजार फुटांहून उंच घाटाचा उतार उतरू लागतात. त्या उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या ओढीने वेग आवरावा, ब्रेक सारखा धरून न ठेवता थोडा थोडा आणि मोकळा सोडीत वापरावा, हे त्यांना कोणी तरी निघण्यापूर्वी सांगावयास हवे.

मग हे सांगणार कोण, आणि दुरुस्ती करणार कोण? माझी श्रद्धा खेड्यातील मिस्त्रीवर आहे. त्याच्या हातात कौशल्य असते. त्याला उणे असते ते पद्धतशीर शिक्षणाचे आणि ताज्या मालाचे. हवा काढण्याचे काम मी अनेक दुकानांत न्याहाळले आहे. एका दुकानात मिस्त्रीने निपलवर पारदर्शक नळी चढविली, तिचे दुसरे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडविले, पोराला लिव्हर दाबून धरावयास सांगितला, आठ नंबरच्या रिंग पान्याने निपल पाव फेरा उघडला, बुडबुडा सरकताना बघितला, निपल बंद केला आणि मगच ‘सोड’ म्हटले. डबी रिकामी पडू नये म्हणून तो मधून मधून ती भरीत होता, आणि टाकीवर त्याने ओले फडके अंथरले होते. दुसऱ्या दुकानात निपल उघडा असतानाच लिव्हर सोडला जात होता, आणि काढलेल्या हवेइतकीच हवा आत जात होती. त्याच दुकानाच्या फळीवर ब्रेक ऑइलची अर्धी बाटली सैल झाकणानिशी उभी होती. भर श्रावणात अशी उघडी राहिलेली बाटली नव्या गाडीत जुनेच दुखणे ओतते. ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल टाकणारेही मी पाहिले आहेत; खनिज तेलाने आतील रबरे फुगतात आणि मास्टर सिलेंडरपासून कॅलिपरपर्यंत प्रत्येक रबर बदलण्याचा खर्च पदरी पडतो. हे अज्ञान शिक्षेने जाणार नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचे दोन वर्षांचे शिक्षण मिळते, परंतु दुकान चालवून पोट भरणारा मिस्त्री दोन वर्षे बाकावर बसू शकत नाही. त्याच्यासाठी याच संस्थांनी धानाच्या रोवणीपूर्वीच्या रिकाम्या दिवसांत केवळ ब्रेकपुरता लहानसा वर्ग चालवावा, आणि तो पुरा करणाऱ्याला दुकानात लावता येईल असा दाखला द्यावा.

सरकारकडे माझे मागणे मोठे नाही. धुराच्या तपासणी केंद्रावर गाडी कशीही उभी राहतेच; तेथेच डबीतील ऑइलची पातळी व रंग पाहावा, विजेरीच्या उजेडात पॅडची जाडी पाहावी आणि ती मिलिमीटरभर उरली असल्यास तसे लिहावे, लिव्हर अर्धा मिनिट दाबून धरून तो खचतो का हे पाहावे, आणि ऑइल बदलल्याची मागील तारीख प्रमाणपत्रावर नोंदवावी. याला महागडी यंत्रसामग्री लागत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो मी हलका मानीत नाही: तपासणी वाढली की कागद वाढतात, कागद वाढले की गरिबाची अडवणूक वाढते, आणि धुराचे दाखले ज्या सहजतेने काही ठिकाणी यंत्राविना हाती पडतात, त्याच सहजतेने ब्रेकचेही पडतील. म्हणूनच पहिली काही वर्षे या नोंदीला दंडाची जोड देऊ नये असे माझे मत आहे. मालकाच्या हाती पडलेला, ‘पुढचे पॅड संपत आले, ऑइल काळे’ असे मराठीत लिहिलेला कागदच बहुतेकांना मिस्त्रीकडे घेऊन जाईल. माणूस आपल्या मुलाला टाकीवर बसवितो तो त्याच्या जिवाची पर्वा नसल्यामुळे नव्हे, तर डबीच्या काचेआड काय चालले आहे हे त्याला कोणी दाखविलेले नसल्यामुळे. परिवहन खात्याची परवान्यांसाठीची शिबिरे तालुक्याच्या गावी भरतात. पाऊस उघडल्यानंतर आणि दसऱ्याला गाड्या पूजेसाठी धुऊन काढल्या जाण्यापूर्वी, तिरोड्याच्या अशाच एका शिबिरात एक प्रशिक्षित मिस्त्री, बंद बाटल्यांतील ऑइल आणि आठ नंबरचा पाना एवढी तजवीज जिल्हा प्रशासनाने करावी, आणि बोदलकशापासून येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीच्या ऑइलची तारीख त्या दिवशी प्रथमच कागदावर चढवावी.